सुट्टी मागायची वेळच येऊ नये म्हणून

भाद्रपद जवळ आला की माझा धंदा बसायचा. बाकीच्या मुंबईत गणपती म्हणजे कमाईचे दिवस. फुलवाला, मिठाईवाला, मखरवाला सगळे हात धुऊन घेतात. मी मात्र बचतीची एजंट, आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं भांडुपच्या टेकडीवर राहणारी, कोकणातली. गोकुळाष्टमी झाली की एकेक जण दारातच हात जोडायचा. "काकू, या महिन्यात नाय जमणार. गावाला जायचंय." पुढच्या महिन्यातही जमायचं नाही, कारण तोवर गावाला जाऊन आलेले असायचे.

माझं काम तसं सोपं. लोकांनी ठरवलेली रक्कम दर महिन्याला त्यांच्या घरी जाऊन घ्यायची, पोस्टात त्यांच्या खात्यात भरायची आणि पासबुकात नोंद करून आणून द्यायची. याला आरडी म्हणतात. पाच वर्षं नेमाने भरलं की व्याजासकट सगळी रक्कम एकदम हातात येते. मधे ओळीने हप्ते चुकले तर खातं बंद पडतं. एजंटला यात थोडं कमिशन मिळतं. त्या कमिशनमध्ये फिरून झिजलेल्या चपला तेवढ्या नव्या घेता येतात, असं आमचे हे म्हणायचे. पोस्ट तर चौकातच आहे, मग लोक स्वतः का जात नाहीत, असं मला बरेच जण विचारतात. पैसे उरले तर माणूस पोस्टात जाणार, आणि पैसे उरत कधीच नाहीत. एजंट दारात उभी राहिली की ते काढावे लागतात. दारात उभं राहणं आणि चहाला नाही न म्हणणं, एवढीच माझी विद्या.

हे काम मी हौसेने घेतलं होतं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या एक बाई मुलीच्या बाळंतपणाला गेल्या, तेव्हा "दोन महिने बघ गं जरा" म्हणून त्यांनी आपली घरं माझ्या गळ्यात मारली आणि परत घेतलीच नाहीत. मग मी रीतसर एजन्सी काढली. त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या ह्यांची कंपनी बंद पडली. मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात तेव्हा एकेक कारखाना जात होता आणि त्या जागी टॉवर येत होते. एका पगारावर उभं असलेलं घर म्हणजे एकखांबी तंबू, हे तोवर नुसतं ऐकलं होतं. त्या वर्षी तंबूत बसून कळलं. माझा हौसेचा खांब बारीकसा होता, पण तोच कामाला आला. तेव्हापासून मी लोकांना "बचत करा" असं कमी सांगायला लागले आणि "दुसरा खांब रोवा" असं जास्त.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. एका घरात नवऱ्याची आरडी माझ्याकडे होती, बायकोचीही माझ्याकडेच होती, आणि दोघांनीही मला वेगवेगळं गाठून "घरात बोलू नका हं" असं बजावलेलं होतं. त्या घरी चहा पिताना मी फक्त हवामानावर बोलायचे. दुसरे एक निवृत्त मास्तर होते, त्यांना दर महिन्याला एकच प्रश्न पडायचा, "डबल कधी होणार?" पहिला हप्ता भरला त्या दिवशीही त्यांनी तो विचारला होता. पण मला आज सांगायचं आहे ते दत्ताचं.

दत्ता म्हणजे दत्ताराम तावडे. त्याची आई सुशीलाताई माझी जुनी गिऱ्हाईक. नवरा गिरणीत होता, गिरणी गेली, मग नवराही गेला. बाईंनी मसाले कुटून दत्ताला वाढवलं, आयटीआय करवलं. एसी दुरुस्तीच्या एका कंपनीत तो लागला आणि पहिल्या पगारात आईने त्याच्या नावाने माझ्याकडे आरडी काढली. पहिला हप्ता देवासमोर ठेवून, हळदकुंकू लावून माझ्या हातात दिला. मला फार बरं वाटलं. विशी ओलांडताना बचत सुरू करणारी मुलं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजावी लागायची.

भाद्रपदानंतर गेले तर दत्ता भर दुपारी घरात टीव्ही बघत बसलेला.

"कामावर नाही गेलास?"

"सोडलं काकू."

"का रे?"

"बॉस बोलला, गणपतीत सुट्टी नाय. मी बोललो, मग नोकरी नाय."

मी सुशीलाताईंकडे पाहिलं. वाटलं, त्या कपाळाला हात लावतील. त्या अभिमानाने म्हणाल्या, "गणपतीक गावाक जावक गावणा नाय, ती नोकरी कित्याक व्हयी?"

कोकणाबाहेरच्या वाचकाला हे खोटं वाटेल, पण यात काही विशेष नाही. वर्षभर चाकरमानी साहेबाची सगळी बोलणी मुकाट ऐकून घेतो. भाद्रपदात मात्र त्याला कोणी अडवायचं नाही. गावच्या घरात गणपती बसतो, सगळी भावकी एका पंगतीत जेवते, आणि तिथे ज्याचा पाट रिकामा राहतो त्याच्याबद्दल वर्षभर बोललं जातं. दत्ताने पुढच्या वर्षी दुसरी नोकरी सोडली, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरी. काम त्याला लगेच मिळायचं, हात चांगला होता. पण मधे महिना-दोन महिने घर आईच्या मसाल्यावर चालायचं, हप्ते चुकायचे आणि आरडी बंद पडायची. दर वर्षी मी नवीन खातं उघडायचे, दर वर्षी गणपतीबाप्पा ते विसर्जन करून जायचे.

तिसऱ्या वेळी मी चिडले. "दत्ता, लग्नाचं वय झालं तुझं. मुलीचा बाप विचारेल मुलगा काय करतो, तर काय सांगायचं? श्रावणापर्यंत नोकरी करतो?"

तो हसला नाही. टीव्ही बंद केला आणि म्हणाला, "काकू, एक विचारू? असं काय करता येईल का, की सुट्टी मागायलाच लागणार नाय?"

इतक्या वर्षांत लोकांनी माझ्याकडे मुलीच्या लग्नासाठी, खोलीच्या डिपॉझिटसाठी, म्हातारपणासाठी बचत मागितली होती. कोणापुढे हात जोडायला लागू नये म्हणून बचत मागणारा हा पहिलाच. पेपरात हल्ली ज्याला आर्थिक स्वातंत्र्य वगैरे म्हणतात, त्याची याहून सोपी व्याख्या मला अजून सापडलेली नाही. मी त्या दिवशी तिथे दोन चहा प्यायले आणि आम्ही तिघांनी बसून त्याचा 'सुट्टी फंड' ठरवला.

ठरलं ते इतकंच. आधी थोडे पैसे असे बाजूला टाकायचे की नोकरी सुटली तरी काही महिने घर चालेल आणि हप्ता चुकणार नाही. मग दुसरा खांब. एसीचं काम उन्हाळ्यात जोरात असतं, पावसात माशा मारायच्या. मी म्हटलं, "वॉशिंग मशीन शीक, गिझर शीक. थंडीत गिझर, उन्हाळ्यात एसी, पावसात मशीन." रविवारी तो टेकडीवरची आणि आसपासची कामं घ्यायला लागला. कंपनीच्या गिऱ्हाइकांना हात लावायचा नाही अशी मी अट घातली होती, आणि ती त्याने पाळली. सुशीलाताईंचा मसाला उन्हाळ्यात ओळखीपाळखीने जायचा, तो दत्ता दुरुस्तीला जाईल त्या घरी नमुना म्हणून द्यायला लागला. एसीपेक्षा मसाल्याचीच तारीफ जास्त व्हायची, असं तो तक्रार केल्यासारखं सांगायचा.

पुढच्या भाद्रपदात त्याने परत नोकरी सोडली. पण त्या वर्षी आरडी बंद पडली नाही. मी आश्विनात गेले तर तो घरी नव्हता, कोणाचा तरी गिझर बसवायला गेला होता, आणि हप्त्याची रक्कम देवाजवळ ठेवलेली होती. मी ती उचलताना सुशीलाताईंना म्हटलं, "पोरगं सुधारलं." त्या म्हणाल्या, "सुधारूक काय झाला, तो बिघडलो कधी हुतो?"

दरम्यान मीही पंचेचाळिशी उलटल्यावर परीक्षा देऊन म्युच्युअल फंडाचं काम सुरू केलं होतं. लोक मला विचारायचे, आरडी आणि एसआयपीत फरक काय? मी सांगायचे, आरडी म्हणजे कुकरचा भात. शिट्ट्या झाल्या की तयार, किती होणार ते आधीच माहीत. एसआयपी म्हणजे दही. हवा बघून लागतं, कधी उशिरा लागतं, आणि सारखं झाकण उघडून बघितलं की बिघडतं. घरात दोन्ही हवं. मास्तरांना हे समजावलं तर ते म्हणाले, "दही डबल कधी होणार?"

दत्ताचं लग्न झालं. रूपाली मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची. सुई टोचताना समोरच्याला बोलण्यात गुंतवायची तिची सवय होती, आणि नवऱ्याला खर्चापासून वाचवतानाही तीच युक्ती ती वापरायची. तिने पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं, घर दोघांच्या पगारावर चालवायचं आणि रविवारचं सगळं एसआयपीत टाकायचं. बाजार गडगडला तेव्हा माझे निम्मे लोक फोन करून रडत होते. दत्ताचा फोन आला तो विचारायला, "काकू, वाट लागली ना? मग झाकण बंदच ठेवू ना?" मला त्या आठवड्यात तेवढाच एक फोन सुखाचा आला.

वर्षं गेली तसा फंड वाढला. एका होळीला दोघं पेढे घेऊन आले. नोकरी कायमची सोडून, भांडुप स्टेशनजवळ गाळा भाड्याने घेऊन स्वतःचं सर्व्हिस सेंटर काढायचं होतं. पहिलं वर्ष धंदा नाही झाला तरी घर चालेल इतके पैसे जमले होते. "आता सुट्टी मागायची नाय, द्यायची," असं तो म्हणाला. दिवाळीनंतर गाळा घ्यायचं ठरलं.

आणि त्या पावसाळ्यात गावच्या घराची मागची भिंत पडली.

ते भावकीचं घर. गणपती बसतो ते. चुलतभावांचे फोन सुरू झाले, आणि त्यांच्यापैकी कोणीतरी म्हणालं, दत्ताकडे आहेत ना साठलेले, ऐकलंय आम्ही. दत्ता सुशीलाताईंना आणि रूपालीला घेऊन माझ्याकडे आला. हातात नकाशा होता. जुनं घर पाडून दोन मजली स्लॅबचं, वर गच्ची, पुढे ग्रिल. "काकू, सगळे काढा," तो म्हणाला.

पैसे त्याचे. एजंटला नाही म्हणायचा अधिकार नसतो, आणि नसावाही. पण तोंड असतं. मी म्हटलं, "दत्ता, या घराला वर्षातले अकरा महिने कुलूप असणार. तू गच्ची बांधणार आणि त्यावर माकडं बसणार. ते घर बांधायला तुला नोकरीतच राहावं लागेल, आणि त्या घरात जायला परत सुट्टी मागावी लागेल. हे कुठलं गणित?"

"गणित नाय ते."

"मग काय आहे?"

"तुम्हाला गाव नाय काकू. तुम्हाला नाय कळणार."

मला ते लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं. आमच्या दोन पिढ्या मुलुंडमध्येच गेल्या. सोसायटीच्या गेटपलीकडे आमचं म्हणून कुठे काही नाही. रूपाली खाली बघत होती. तिचा गाळा, तिचं सर्व्हिस सेंटर तिच्या डोळ्यांदेखत चाललं होतं, आणि सासरच्या देवाच्या घराविरुद्ध बोलायचं कसं, हे काही तिला सुचत नव्हतं. मी पैसे काढायचा अर्ज भरायला घेतला.

सुशीलाताई तोवर नकाशा उलटासुलटा करून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "ह्येच्यात गणपती खंय बसतलो?"

दत्ताने बोट ठेवलं. "हॉलमध्ये. इथं."

"गणपतीक कितकी जागा लागता रे? पाटाएवढीच मां?"

"हो, पण आये..."

"मगे ह्यो स्लॅब कोणाक दाखवूक व्हयो?"

दत्ता नकाशाची घडी घालत राहिला, ती नीट बसेना म्हणून परत घालत राहिला. मग रूपाली पहिल्यांदा बोलली. भिंत बांधू, माजघर नीट करू, कौलं परत शाकारू, म्हणाली, आणि त्यात प्रत्येक भावाने वाटा घालायचा. वाटा घातला तरच गणपती सगळ्यांचा. एकट्या दत्ताने बांधलं तर उद्या तेच म्हणतील, दत्ताच्या घरी जातोय. हे मात्र दत्ताला पटलं. एकट्याचा मोठेपणा त्याला नको होता, त्याला फक्त पंगत हवी होती.

त्याने थोडेच पैसे काढले. चिऱ्याची भिंत त्या वर्षीच्या चतुर्थीपर्यंत अर्धीच झाली होती, मागे ताडपत्री बांधून गणपती बसवला, आणि आरतीला वारा असा यायचा की समया सारख्या लावाव्या लागायच्या, असं रूपालीने मला परत आल्यावर सांगितलं. दिवाळीनंतर गाळा घेतला. पहिला उन्हाळा कडक गेला, तो धंद्याला चांगलाच. पहिल्या भाद्रपदात त्याने शटरवर पाटी लावली, 'गणपतीला गावी. गौरीनंतर फोन करा.' पाटी लावून झाल्यावर मला फोन केला.

"काकू, जाऊ ना?"

"मला काय विचारतोस? मालक कोण?"

तो म्हणाला, "सवय झालीय ना विचारायची."

मी आता फिरायचं काम सोडलं आहे. गुडघे टेकडी चढू देत नाहीत, आणि हल्लीची मुलं एसआयपी मोबाइलवर स्वतःच सुरू करतात. ते चांगलंच आहे. आमच्या सोसायटीतली एक मुलगी पहिल्या पगारापासून भरते आणि शनिवारी ऑनलाइन चित्रकला शिकवते; तिला कोणी दारात उभं राहून सांगावं लागलं नाही. मला खंत आहे ती एकच. दुसऱ्यांच्या सुट्ट्यांची सोय लावताना मी स्वतः कधी गेलेच नाही. महिनाअखेर आली की भरणा, भरणा झाला की पुढची वसुली. दत्ता दर वर्षी गणपतीला बोलवायचा आणि मी दर वर्षी हप्त्यांचं कारण सांगायचे. मागच्या वर्षी पहिल्यांदा गेले. ती चिऱ्याची भिंत बघितली. भिंत काही विशेष नाही, पण मी तिला हात लावून आले. पंगतीत माझा पाट सुशीलाताईंच्या शेजारी मांडला होता.

त्याच वर्षीची दिवाळी झाली आणि दोन दिवसांत दत्ताचा फोन आला. आवाज चढलेला.

"काकू, हे लोक ना, बरोबर कामाच्या वेळेला नाटकं करतात."

घाटकोपरच्या एका लग्नाच्या हॉलचं सगळ्या एसींचं काम त्याला मिळालं होतं, आजवरचं सगळ्यात मोठं. तुळशीचं लग्न लागलं की हॉलमध्ये लग्नं सुरू होतात, त्याआधी सगळं बसवून द्यायचं होतं. आणि त्याचा सगळ्यात हुशार मेकॅनिक राजकिशोर, बिहारचा, दोन मुलांचा बाप, छठपूजेसाठी गावाला जायची सुट्टी मागत होता. छठ दिवाळीनंतरच्या आठवड्यात येते.

"मग तू काय म्हणालास?"

"मी बोललो, आता सुट्टी नाय."

"आणि तो?"

दत्ता हळूच म्हणाला, "तो बोलला, तो फिर हिसाब कर दो."

फोनवर मागे कुठेतरी ड्रिल चालू होतं, ते बंद झालं.

"काकू, हसताय ना?"

"नाही रे."

"हसताय तुम्ही."

"अरे, नाही म्हटलं ना."

"ठेवतो," म्हणून त्याने फोन ठेवला. नंतर रूपालीकडून कळलं. राजकिशोर त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने गेला, पगारी सुट्टीवर. घाटकोपरला दत्ता स्वतः शिडीवर चढला. पोट सुटल्यामुळे दोनदा उतरून दम खावा लागला, असंही रूपालीने आवर्जून सांगितलं. हॉलचं काम जेमतेम वेळेत झालं.

राजकिशोर परतल्यावर दत्ता माझ्याकडे आला. कागदाच्या पुडीत ठेकुआ होते, छठचा प्रसाद, गव्हाच्या पिठाचे आणि गुळाचे. त्याने एक माझ्या हातात दिला, स्वतः एक घेतला आणि सोफ्यावर बसला.

"काकू, राजकिशोरची पण एसआयपी सुरू करून द्या. त्याला म्हटलंय मी, रविवारी स्वतःची कामं घे, आपली गिऱ्हाइकं सोडून."

"तुझाच माणूस तू सुटा करणार?"

"नायतर पुढच्या वर्षी परत मलाच विचारायला येईल," दत्ता म्हणाला.

मी निवृत्त झाले आहे, हे त्याला सांगणार होते. पण तोंडात ठेकुआ होता, आणि तो चांगलाच कडक होता. मी चष्मा शोधायला उठले.